ओलेटाच्या सात बरण्या

क्रॅबट्रीच्या खोऱ्यात कुणाच्या बरणीचं झाकण नीट बसलं नाही, की पहिली हाक ओलेटा मॅगर्डला जायची. वय त्र्याहत्तर, उंची बेताची, आणि जीभ अजिबात बेताची नाही. चाळीस वर्षं तिनं ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या बायकांना भाजी हवाबंद बरण्यांत वर्षभर टिकेल अशी भरायला शिकवलं. बरणीच्या तोंडावरून बोट फिरवून खाच आहे का बघायचं, वर बोटभर जागा सोडायची, आणि घेवडा असेल तर कुकरमध्ये पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीस. कुणी नवखी म्हणाली, "एका मिनिटानं काय होतंय, मावशी?" की ओलेटा म्हणायची, "एकानं काही होत नाही गं. मग तू दोन कमी करतेस, मग पाच. मग आम्ही सगळे तुझ्या घरी जेवायला येतो, काळे कपडे घालून."

दुकान सव्वीस मैलांवर, आणि हिवाळ्यात तो रस्ता असून नसल्यासारखा. त्यामुळे इथं जे पिकेल तेच वर्षभर ताटात येतं. घेवडा, मका, टोमॅटो, वाळवलेली सफरचंदं, ज्वारीच्या धाटांची काकवी, आणि शरदात मारलेलं एखादं हरीण. ज्याच्याकडे जास्त झालं तो चर्चच्या तळघरातल्या लांब फळीवर बरण्या ठेवून येतो, ज्याला कमी पडलं तो उचलून नेतो. या फळीचा एकच नियम आहे. झाकणावर नाव लिहायचं नाही. नेणाऱ्याला मिंधेपण नको आणि देणाऱ्याच्या डोक्यात हवा जायला नको, म्हणून आमच्या आज्यांनी तो घालून दिला. बरण्याही घरोघर फिरून अशा एक झाल्यात, की कुठली कुणाची ते देवालाही सांगता यायचं नाही.

ओलेटाचा नवरा होबर्ट. लाकडाच्या गिरणीत जन्म गेला त्याचा. गेल्या वसंतात त्याच्या डोक्यात काहीतरी झालं, आठवडाभर तोंड वाकडं होतं. मग चालायला लागला, बोलायला लागला, थट्टासुद्धा करायला लागला, पण दिवस मात्र त्याच्या हातून निसटू लागले. मंगळवार सांगितला तर दुपारपर्यंत त्याचा शुक्रवार व्हायचा. डॉक्टर म्हणाले, कुऱ्हाड देऊ नका. ट्रकच्या किल्ल्या ओलेटानंच पिठाच्या डब्यात लपवल्या. अशी एकेक कामं गेली आणि एकच उरलं.

ते काम शेगडीचं. ओलेटा घरामागच्या ओट्यावरच्या शेगडीवर सात बरण्यांचा जाडजूड कुकर चढवायची आणि मळ्यात जायची. गजराचं घड्याळ तिच्या ॲप्रनच्या खिशात असायचं. ते वाजलं की ती मळ्यातूनच ओरडायची, "होबर्ट, बंद कर रे." ओट्यावर बसलेला होबर्ट शेगडी बंद करायचा. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं. आजारपणानंतर थोरल्या मुलीनं फोनवर बजावलं होतं, "आई, ते काम तू स्वतः कर." ओलेटाला ते पटलंही होतं. पण घरात आपला काही उपयोग आहे असं त्या माणसाला वाटण्याजोगं तेवढं एकच काम शिल्लक होतं, आणि ते काढून घ्यायला तिचा हात धजला नाही.

जानेवारीतली सकाळ होती. बाहेर बर्फ गोठलं होतं, चुलीवर किटली फुसफुसत होती. होबर्ट मक्याच्या पावाला काकवी लावत बसला होता. किटलीकडे बघत तो म्हणाला, "तो तुझा कुकर असाच फुसफुसत होता. डोकं उठलं माझं. बंद केला तेव्हा कुठं बरं वाटलं."

"मी सांगितल्यावर बंद केलास," ओलेटा म्हणाली.

"छे. तू हाक मारलीस तोवर त्याचा आवाज केव्हाच थांबला होता."

ओलेटाच्या हातातला कप बशीवर टेकला. "कधीची गोष्ट सांगतोयस?"

"त्याच दिवशीची. ती तुझी बहीण कोंबड्या घेऊन आली होती ना. एक लंगडी होती बघ."

लंगडी कोंबडी खरी होती. चुलतबहीण ग्लेनिस ऑगस्टच्या अखेरीस दोन कोंबड्या घेऊन आली होती आणि दोघी खुराड्यापाशी होत्या. खिशात घड्याळ वाजलं, ओलेटानं हाक मारली, आणि ओट्यावरून होबर्टचा आवाज आला होता, "केव्हाच केली." ग्लेनिस हसली होती. म्हणाली होती, बघ, किती तत्पर नवरा आहे. कोंबड्यांच्या नादात ओलेटा तासाभरानं वर गेली. बरण्या काढून फडक्यावर मांडल्या. एकेकीचं झाकण आत ओढलं जाऊन टिंग करत बसलं. सात टिंग तिनं स्वतः मोजले होते. झाकण टिंग वाजलं की काम फत्ते, असं अख्खं खोरं धरून चालतं. पण टिंग म्हणजे फक्त आतली हवा गेली. आत काय जिवंत राहिलं ते टिंग सांगत नाही. हे चाळीस वर्षं बायकांना सांगणारी ओलेटा त्या दिवशी स्वतःच टिंग मोजून निर्धास्त झाली होती.

"होबर्ट, चढवल्यावर किती वेळानं बंद केलास? नीट आठव."

होबर्टनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात काहीतरी होतं, त्याला ते समजलं आणि तो घाबरला. "काय बंद केलं?" त्यानं विचारलं. एवढ्यात ते त्याच्या डोक्यातून गेलंसुद्धा होतं.

 वेळेआधी उतरवलेल्या घेवड्याच्या बरणीत जे विष धरतं त्याला वास नसतो, रंग नसतो, कित्येकदा झाकणही फुगत नाही. आधी माणसाला एकाचे दोन दिसतात, मग पापण्या मिटू लागतात, मग घास उतरत नाही आणि शेवटी श्वास अडतो. डोकं शेवटपर्यंत शुद्धीवर असतं. तिच्या आजोळच्या एका घरातली तीन माणसं अशी गेली होती, आणि तिनं लहानपणी त्या तिन्ही शवपेट्या एका ओळीत पाहिल्या होत्या. आणि त्या दिवशीच्या सात बरण्या तिच्या तळघरात नव्हत्या. तळघर भरलं होतं म्हणून सातच्या सात तिनं चर्चच्या फळीवर ठेवल्या होत्या.

तिनं होबर्टला कोट चढवला, पिठाच्या डब्यातून किल्ली काढली आणि दोघं निघाली. वाटेत त्यानं चार वेळा विचारलं, कुठं चाललोय. तिनं चारही वेळा सांगितलं, चर्चला. 

चर्चची किल्ली ग्लेनिसकडे असते. तळघराची झाडलोटही तीच करते. ओलेटानं होबर्टला वर चर्चमध्ये शेगडीपाशी बसवलं, खाली येऊन सगळं सांगितलं, आणि ग्लेनिस केरसुणी धरून तशीच उभी राहिली. फळीवर घेवड्याच्या पंचेचाळीस बरण्या होत्या. सगळ्या सारख्या, सगळ्या हिरव्या, सगळ्यांची झाकणं आत बसलेली. ओलेटानं एकेक उचलून उजेडाला धरली आणि परत ठेवली. स्वतःच्या हातची बरणी तिला ओळखता येईना. जन्मात पहिल्यांदाच तिला त्या फळीची भीती वाटली.

"हे बघ," ग्लेनिस हळूच म्हणाली, "घाबरू नको. आपली माणसं घेवडा तीन-तीन तास शिजवतात. चरबीचा तुकडा टाकून पार पिठलं होईस्तोवर. एवढ्या उकळण्यात विष राहत नाही, तूच सांगतेस की. आणि नाव कुठं आहे कशावर? आपण दोघी मिळून गुपचूप सगळ्या ओतून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आपली माणसं शिजवतात," ओलेटा म्हणाली. "मारिन?"

ग्लेनिसचा चेहरा उतरला. "रविवारी चार घेऊन गेली."

मारिन आणि तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी ओहायोतल्या शहरातून इथं आले. बाजारचं काही खायचं नाही, सात मैलांच्या आत जे उगवेल तेच खायचं, असं ठरवून आलेली माणसं. पोरीचं नाव झाडावरून जुनिपर ठेवलं म्हणून आम्ही पहिलं वर्षभर हसलो. पण मारिन कष्टाळू निघाली. अख्खा उन्हाळा ओलेटाच्या ओट्यावर बसून शिकली. फक्त एक तिनं ऐकलं नाही. घेवडा ती शिजवायची नाही. बरणी उघडायची, कांदा चिरायचा, व्हिनेगर टाकायचं, गारच खायचा. शिजवून जीव जातो म्हणे त्यातला. ओलेटानं टोमणा मारला होता, "तू बाई गोठ्यातच जन्माला यायचीस." मारिन हसली होती, आणि ओलेटानं पुढं काही म्हटलं नव्हतं. बरण्या चोख असतील तर गार खाल्ल्यानं काही होत नाही. आणि बरण्या चोखच असणार होत्या, ओलेटाच्याच तर होत्या.

मारिनच्या घरी फोन लागत नाही. होबर्टला ग्लेनिसच्या हवाली करून ओलेटानं ट्रक कड्यावरच्या तिच्या घराच्या वाटेला घातला. वाट बर्फानं काचेसारखी झालेली. दोन ठिकाणी मागची चाकं घसरली, एकदा तर खालचा ओढा सरळ तिच्या खिडकीत दिसला. जीव मुठीत धरून ती एकच हिशेब करत होती. रविवारी नेल्या, आज बुधवार. तीन दिवस. चारांतली एक तरी उघडली असेल का. तिला वाटलं नसेल, आणि लगेच वाटलं, का नसेल.

दार जुनिपरनंच उघडलं. चार वर्षांची पोर, डोक्यावर लोकरी टोपी, गाल फुगलेला. ती काहीतरी चावत होती. मागं टेबलावर वाडगा होता आणि वाडग्याशेजारी अर्धी रिकामी बरणी.

 ओलेटानं खाली बसून पोरीचा जबडा धरला आणि तोंडात बोट घालून घास बाहेर ओढला. जुनिपर कडकडून चावली. रक्त आलं. मारिन आतल्या खोलीतून धावत आली आणि म्हातारीनं आपल्या लेकीला जमिनीवर दाबून धरलेलं तिनं पाहिलं.

"मावशी, काय करताय तुम्ही?"

"कधी उघडलीस ही?"

"काल दुपारी. का?"

"तू खाल्लंस?"

"मी नाही खाल्लं. माझं पोट बिघडलंय. तिनंच खाल्लं, काल नि आज. मावशी, का?"

ओलेटानं सांगितलं. दोन वाक्यांत सगळं झालं.  मारिननं पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि ट्रकमध्ये बसली. ओलेटानं त्या चारही बरण्या, उघडलेली आणि बंद, टोपलीत घालून पायाशी ठेवल्या, कारण डॉक्टर मागतील हे तिला माहीत होतं. इस्पितळापर्यंतच्या चाळीस मैलांत मारिननं एकच वाक्य उच्चारलं. "तुम्हीच शिकवलंत की, पंचवीस म्हणजे पंचवीस."

"हो," ओलेटा म्हणाली. "माझा दोष आहे." होबर्टचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला वेड्यात काढलं नाही, उलट त्यांचा चेहरा गंभीर झाला, आणि त्यानं ओलेटा जास्तच घाबरली. त्या म्हणाल्या, विषाचा उतारा दुरून मागवावा लागतो. खूण दिसली की देऊ, त्याआधी नाही. पहिले तीन-चार दिवस धोक्याचे. पापण्यांवर लक्ष ठेवा, घास नीट गिळते का बघा, आवाज बदलतो का ऐका. बरण्या तपासायला पाठवल्या.

मग ते बसणं सुरू झालं. तसं बसणं शत्रूवरही येऊ नये. मारिनचा नवरा दूर वीजतारांच्या कामावर होता, तो यायला दीड दिवस लागला. तोवर पलंगाच्या एका बाजूला मारिन, दुसऱ्या बाजूला ओलेटा. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. पोर खेळत होती, चित्रं काढत होती, घरी कधी जायचं म्हणून भुणभुण करत होती. आणि दुपार झाली की तिच्या पापण्या जड व्हायच्या. लहान पोराच्या पापण्या दुपारी जड होणारच. पण त्या खाली येऊ लागल्या की दोन बायकांची पाचावर धारण बसायची. ओलेटा पुढं होऊन बोट दाखवायची. "जुनू, किती बोटं आहेत?" पोर चिडून म्हणायची, "एक." मग झोपायची, आणि ओलेटा तिच्या छातीवरची चादर वर-खाली होताना बघत बसायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर झोपेतच म्हणाली, "दोन."  ओलेटानं तिला हलवून उठवलं, डॉक्टरीणबाई आल्या, विजेरी डोळ्यांत घातली. पोर रडत म्हणाली की तिला दोन बिस्किटं हवी होती. मारिन भिंतीकडे तोंड करून रडली. ओलेटाला रडूही येईना.

त्याच दिवशी संध्याकाळी, नवरा येण्याआधी, मारिननं विचारलं, "नक्की काय झालं होतं?"

"वेळेआधी शेगडी बंद झाली."

"तुम्ही केलीत?"

"मीच केली," ओलेटा म्हणाली. आयुष्यात ती फार खोटं बोलली नव्हती. त्यामुळे मारिननं विश्वास ठेवला आणि मान फिरवली.

चौथ्या दिवशी पोरीला घरी सोडलं. आठवडाभर डोळ्यात तेल घालून बघा म्हणाले. ओलेटा रोज सकाळी होबर्टला शेजारी बसवून कड्यावर जायची, दारातच उभी राहायची आणि पोरीनं "एक" म्हटलं की परत फिरायची. मारिन तिला आत बोलवायची नाही. सहाव्या दिवशी तपासणीचा निरोप आला. उघडलेली बरणी स्वच्छ होती. बंद तिन्हींपैकी एकीत विष होतं, एका घराला पुरेल एवढं. होबर्टला खरंच आठवलं होतं. ओलेटानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिली. होबर्टनं येऊन विचारलं, पडलीस का. ती म्हणाली, नाही रे, जरा दमले.

आरोग्यखात्याचा माणूस आला आणि फळीवरचा सगळा घेवडा बाहेर काढायला लावला. पंचेचाळीस त्या, शिवाय घरोघरी नेलेल्या. एकेक बाई आपल्या तळघरातून टोपली घेऊन आली. कुणाचा मे महिन्यातला पेरा, कुणाची जूनमधली खुरपणी, कुणाच्या ओट्यावर पाच जणींनी बसून शेंगांच्या काढलेल्या शिरा. सगळं क्लोरीनच्या पाण्यात आणि मग खड्ड्यात गेलं. हिवाळ्याचे अजून दोन महिने बाकी होते.  कुणाच्या हातची बरणी हा प्रश्न प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होता, आणि जी ती शेजारणीकडे जरा तिरकं बघत होती. नाव नसलं की संशय सगळ्यांवर जातो.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. मारिनसुद्धा आली होती, जुनिपरला मांडीवर घेऊन. प्रार्थना झाल्यावर पाद्री लोनी म्हणाले, पोर वाचली, देवाची कृपा. बरणी कुणाची ते कुणी विचारायचं नाही. फळीला नाव नसतं.

ओलेटा उठली. तिनं पुढच्या बाकाची कड धरली. "विचारायला हवं," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही वर्षभर एकमेकींचं अन्न वास घेऊन खाल. बरण्या माझ्या होत्या. सात. ऑगस्टच्या शेवटच्या. मी वेळेआधी शेगडी बंद केली. तुम्हाला शिकवलेलं मीच मोडलं. यापुढं माझ्या हातची बरणी फळीवर ठेवणार नाही."

 ग्लेनिसनं मान खाली घातली. कोंबड्यांच्या दिवशी ओट्यावरून आलेला आवाज तिनंही ऐकला होता.

मग ओलेटाच्या शेजारी बाक करकरला. होबर्ट उठत होता. दोन्ही हातांनी रेटा देऊन तो सरळ उभा राहिला, गिरणीत सगळ्यांच्या आवाजावरून बोलायचा तसा मोठ्यानं बोलला.

"खोटं सांगतेय ही. एक्कावन्न वर्षं बघतोय मी हिला. अर्ध्या मिनिटानं कधी आधी बंद करायची नाही. दुसऱ्या कुणीतरी केलीय. ज्यानं केली त्यानं उठून सांगावं. म्हाताऱ्या बाईच्या माथी मारू नये."

मारिननं चमकून वर पाहिलं. आधी होबर्टकडे, मग ओलेटाकडे, आणि पोरीला धरलेला तिचा हात हळूहळू सैल झाला. ओलेटानं नवऱ्याची बाही ओढली. 

"बस खाली, होबर्ट. मीच केली."

होबर्ट बसला नाही. तो एकेका बाकाकडे बघत उभा राहिला, कोण उठतंय याची वाट पाहत.